आजोबांना तुझी गाणी का आवडत नाहीत

प्रिय चिऊ,

परवा गाडीत तू विचारलंस, "आजोबांना माझं एकही गाणं का आवडत नाही? आणि आपल्यात मोठी माणसं नवीन गाण्याला नेहमी नावंच का ठेवतात?" आजोबा मागच्याच सीटवर होते आणि उत्तरही दोन सिग्नलच्या मध्ये संपणारं नव्हतं, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता सावकाश लिहिते. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे ठाऊक आहे. कुठे अडलीस तर खूण करून ठेव, रात्री बसून बघू.

"हा काय गोंगाट लावलाय" हे त्यांचं वाक्य तुला लागलं, आणि ते लागण्यासारखंच होतं. तू रॅप नुसतं ऐकत नाहीस, शब्द वहीत उतरवून घेतेस, कुठला यमक कुठे पडला त्याच्याखाली रेघ मारतेस. इतक्या जिवाभावाच्या गोष्टीला कुणी गोंगाट म्हटलं तर वाईट वाटणारच. "मोठ्यांचं मनावर घेऊ नये" एवढं सांगून मी हा विषय मिटवणार नाही.

आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. वयाबरोबर ऐकू कमी येतं, पण सगळे आवाज सारखेच कमी होत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ, थ अशी व्यंजनं आपण ओळखतो ती मुख्यतः त्याच बारीक आवाजांवरून. खर्जातला दणका मात्र बऱ्यापैकी तसाच पोचत राहतो, आणि आवाज फार मोठा झाला की तो तरुण कानापेक्षा म्हाताऱ्या कानाला लवकर असह्य होतो. म्हणजे तुझ्या गाण्यातली जी गोष्ट तुला सगळ्यात प्यारी आहे, ते चटचट येणारे शब्द, नेमकी तीच त्यांच्यापर्यंत येत नाही. त्यांना ऐकू येतो तो खालचा धडधडाट आणि त्यावर एक अस्पष्ट माणूस. तुम्ही दोघं एकाच खोलीत बसून दोन वेगळी गाणी ऐकत असता.

पण सगळं कानावर ढकलता येणार नाही, कारण चाळिशीतली माणसंही हेच बोलतात. साधारण दहा ते पंचवीस या वयात जे घडतं ते माणसाला आयुष्यभर जास्त ठळक आठवतं, आणि त्या वयातली गाणीही त्यात येतात. पहिली मैत्री, पहिलं घराबाहेर राहणं, सगळं त्या गाण्यांना चिकटून बसतं. मग पुढे कुणी म्हणतं "आमच्या वेळची गाणी किती छान होती", तेव्हा ते बरंचसं स्वतःच्या त्या वयाबद्दल बोलत असतं. शिवाय त्यांच्या वेळची वाईट गाणी आता कुणीच लावत नाही, ती विसरली गेली. उरलेली निवडक गाणी घेऊन त्यांची तुलना आजच्या सगळ्या गाण्यांशी करायची, यात आजची गाणी हरणारच.

२०१३ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरोल क्रमहान्सल यांनी जस्टिन झुपनिक यांच्याबरोबर याच विषयावर एक अभ्यास केला. वीस वर्षांच्या आसपासच्या मुलामुलींना १९५५ ते २००९ या काळातली गाजलेली अमेरिकन गाणी ऐकवली. त्यांना स्वतःच्या वयाची गाणी जवळची वाटली, त्यात नवल नाही. पण त्यांचे आईबाप तरुण होते त्या काळातल्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी जोडलेल्या निघाल्या, आणि त्याहून जुन्या, साठच्या दशकातल्या गाण्यांशीही. घरात वाजतं ते मुलांच्या आत उतरतं. उलट दिशेने, नातवंडांकडून आजोबांकडे, हे का होत नाही याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, लहान मूल घरातलं गाणं न विचारता ऐकतं, तेव्हा त्याची मतं बनलेली नसतात. आजोबा तुझं गाणं ऐकायला बसतात तेव्हा काय शोधायचं हे त्यांचं आधीच ठरलेलं असतं.

ते शोधतात सूर. ते मिरजेचे. तिथे तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे, थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं वास्तव्य त्याच गावात होतं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात आजही त्यांच्या स्मृतीत गाणं होतं. त्या गावात वाढलेला माणूस स्वर कसा लागला, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कशी घेतली, हेच आधी बघणार. रॅपमध्ये ते शोधणं म्हणजे ठेच्यात गोडवा शोधणं. तिथला आनंद लयीत आहे, शब्द मात्रेच्या अलीकडे टाकला की पलीकडे, यात आहे.

आणि इथे मला खरंच आशा वाटते. लयीचा कान आजोबांना उत्तम आहे. तबल्याचं स्वतंत्र वादन असतं तेव्हा वादक मध्येच थांबून बोल तोंडाने म्हणून दाखवतो, धिरधिर किटतक वगैरे, त्याला पढंत म्हणतात. तिथे रागही नाही आणि चालही नाही, फक्त अक्षरं आणि लय. एखादी तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा म्हणून बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं, साधली की आजोबा मांडीवर थाप मारून "वा!" म्हणतात. तुझा तो आवडता गायक चार मात्रांचा घास घेतो, यमक मुद्दाम उशिरा टाकतो आणि शेवटच्या ओळीत सगळं एका ठोक्यावर आणून सोडतो. दोन्हीकडे कान समेची वाट बघत असतो. दाद तीच आहे. फक्त ती इथे द्यायची असते हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, आपल्यात असंच असतं का. हो, असतं, आणि खूप आधीपासून आहे.

पणजोबांचं गाणं म्हणजे नाट्यसंगीत. गोविंदराव टेंब्यांच्या चालींचा 'मानापमान' १९११ चा, भास्करबुवा बखल्यांच्या चालींचा 'स्वयंवर' १९१६ चा, आणि दोन्हींत बालगंधर्व. पणजोबांना ती पदं तोंडपाठ होती. त्या गाण्यांच्या साथीला पायपेटी, ऑर्गन, हार्मोनियम असायचं, आणि स्वतः टेंबे नावाजलेले हार्मोनियमवादक होते. त्याच हार्मोनियमला १९४० साली रेडिओवर बंदी आली. वाद्य युरोपातून आलेलं, पट्ट्या ठरलेल्या, त्यातून आपल्या श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक फरक, आणि मींड निघत नाही, असं कारण दिलं गेलं. ही बंदी १९७१ पर्यंत चालली. आज आपल्याकडे भजन असो की खयाल, पेटीवाचून अडतं.

मग १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर देशाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. जन्माने पुण्याचे, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम करणारे. त्यांना सिनेमाचं संगीत हलकं आणि परक्या वळणाचं वाटायचं. त्यांच्या धोरणामुळे आणि मग निर्मात्यांशी झालेल्या वादामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री लोक रेडिओभोवती जमू लागले. शेवटी १९५७ साली सरकारलाच विविध भारती काढावी लागली. शास्त्रीय संगीतासाठी केसकरांनी पुष्कळ केलं, आकाशवाणीच्या राष्ट्रीय संगीतसभा त्यांच्याच काळातल्या, ते मी नाकारत नाही. पण एखाद्याच्या आवडीला सत्ता मिळाली की तिचा नियम होतो आणि बाकीच्यांचं गाणं दाराबाहेर जातं. घरातही मोठ्यांची सत्ता असते, म्हणून मला हे तुला मुद्दाम सांगावंसं वाटलं.

तुझे आजोबा तेव्हा तुझ्याहून थोडे लहान. पणजोबांनी घरच्या रेडिओवर सिलोन लावायला मनाई केली होती. "ही गाणी वर्षभरसुद्धा टिकायची नाहीत" असं ते म्हणत. बुधवारी आजोबा शेजारच्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचे. आज स्वयंपाकघरात चहा करताना ते जे गुणगुणतात ना, ज्याला ते "खरं गाणं" म्हणतात, ती तीच गाणी. हे सगळं मला त्यांनीच सांगितलंय. तूही विचार, फार रंगून सांगतात.

एक उदाहरण मला सगळ्यात जास्त भिडतं. मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या थोर गायिका, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची मुलगी किशोरी आमोणकर. गाणं तिला आईनेच शिकवलं, तेही फार कडक शिस्तीत. मुलीने एका सिनेमासाठी गायलेलं आईला मुळीच रुचलं नाही. पुढे किशोरीताईंनी त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या गाण्यातच बदल केला. घराण्याची ओळख होती पेचदार ताना आणि लयीशी घट्ट बांधलेली बढत, म्हणजे राग टप्प्याटप्प्याने फुलवत नेणं. त्यांनी आलाप संथ केला, रागाच्या भावावर भर दिला, दुसऱ्या घराण्यांतलंही काही आपलंसं केलं. जाणकारांनी टीका केली, हे घराण्याचं गाणं नव्हे म्हणाले. आणि आज? त्यांचं भूप रागातलं 'सहेला रे' लागलं की आजोबा टीव्ही बंद करायला लावतात. त्या टीका करणाऱ्यांना गाणं कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं. पण आपल्याला जे नीट कळतं त्याच्या बाहेरचं ऐकणं जाणकाराला कधीकधी जास्त जड जातं, असं माझं मत आहे.

एक गोष्ट मात्र वयाची नाही आणि ती सांगायला मला संकोच वाटत नाही. आपल्यासारख्या घरांत गाण्याची एक उतरंड मानली जाते. वर शास्त्रीय, मग नाट्यगीत, भावगीत, त्याखाली सिनेमा, आणि लावणी, ढोलकी, वस्तीत वाजणारी गाणी तर मोजतच नाहीत. या उतरंडीत गाणं कमी आणि जात, पैसा, मोहल्ला जास्त आहे. वामनदादा कर्डकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर आणि माणसाच्या हक्कांवर हजारो गाणी लिहिली, गावोगाव जाऊन गायली. लाखो लोकांना ती पाठ आहेत. माझ्या माहेरी त्यांचं एकही गाणं कधी लागलं नाही, नावसुद्धा निघालं नाही. थोर शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांचंही बघ. कलावंतिणींच्या समाजातून आलेल्या, आणि त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या लोकांना बाईने चारचौघांत गाणं हेच मान्य नव्हतं. तू शाळेत ज्या व्हॉयेजर यानावर प्रकल्प केलास, त्यावरच्या सोनेरी तबकडीत भारतातून एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला, आणि केसरबाई गेल्या त्याच महिन्यात, १६ तारखेला.

तेव्हा "यात काय गाणं आहे" असं कुणी म्हटलं, की ते चालीबद्दल बोलतंय की गाणाऱ्या माणसांबद्दल, हे तू ओळखायला शिक. रॅप न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या गरीब, बहुतेक काळ्या मुलांनी उभं केलं. त्याला नाक मुरडणाऱ्यांत दोन्ही प्रकारचे लोक आहेत. आजोबा पहिल्या प्रकारचे आहेत याची मला खात्री आहे. कधी दुसरं काही त्यांच्या तोंडून आलंच तर मी तिथल्या तिथे बोलेन, आणि तूही आदर ठेवून बोल.

त्यांच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. मिरजेला त्यांच्याबरोबर रात्रभर गाणं ऐकणारे मित्र एकेक करून गेले. इथे आमच्याकडे आले की त्यांचं गाणं कळणारं कुणी नसतं. मी कामात, तुझे बाबा कामात, तुझ्या कानात इअरफोन. मग तुझ्या गाण्यावर जे चिडणं दिसतं त्यात थोडं हेही असतं की माझं कुणी ऐकत नाही. ते स्वतः असं म्हणणार नाहीत, त्यांच्या पिढीतले पुरुष म्हणत नाहीत.

मी काय करणार ते सांगते. "गोंगाट" हा शब्द चिऊच्या गाण्याला वापरायचा नाही, असं मी आजोबांना स्पष्ट सांगणार आहे. ते ऐकतील. आवडलं नाही असं म्हणायला त्यांना पूर्ण मुभा आहे, पण आधी एक गाणं पूर्ण ऐकायचं.

ते गाणं तू निवड. शिव्या नसलेलं, फार वेगवान नसलेलं. शब्द मोठ्या अक्षरांत छापू, म्हणजे त्यांना वाचत ऐकता येईल, इंग्रजी ते छान वाचतात. गाडीतल्या स्पीकरवर नको, स्वयंपाकघरातल्या छोट्यावर लाव आणि खर्ज कमी कर. ऐकताना त्यांना हाताने ताल धरायला सांग आणि यमक कुठे पडतो ते तू बोटाने दाखव. मग त्यांच्या पाळीला किशोरीताईंचा भूप, पूर्ण, फोन बाजूला ठेवून. तो लांब आहे आणि सुरुवातीला तुला वाटेल की काही घडतच नाही. तेव्हा आजोबांना विचार, आत्ता काय चाललंय. विचारलेलं त्यांना फार आवडतं.

रविवारी दुपारी जेवणानंतर बसू. शब्द मला शुक्रवारपर्यंत दे, ऑफिसातून छापून आणते.

तुझी,
आई