पहिल्यांदाच कार्यक्रम हाती घेतेस, म्हणून

अगं, महिला दिनाचा कार्यक्रम तुझ्याकडे आलाय म्हणून एवढी धास्ती घेऊ नकोस. भाषणं कमी ठेव. ‘स्त्री म्हणजे त्यागाची मूर्ती’ छापाचं तर एकही नको. त्यागाचं कौतुक झालं की काम आणखी गळ्यात पडतं. १९११ साली युरोपात हा दिवस पहिल्यांदा साजरा झाला, तेव्हा बायका मतदानाचा आणि कामाचा हक्क मागत होत्या, गुलाबाची फुलं नव्हे.

कौतुक करायचं तर नेमकं कर. ‘तुम्ही ग्रेट आहात’ यापेक्षा ‘हिशेबातली चूक तुम्ही पकडलीत म्हणून पैसे वाचले’ असं नाव घेऊन सांग. बहुतेक जणी लगेच म्हणतील, ‘छे, त्यात काय एवढं!’ तूही तेच म्हणतेस, परवा ऐकलंय मी. यापुढे नुसतं ‘थँक्यू’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. जड जातं सुरुवातीला.

रोज रात्री एक केलेलं काम वहीत टिपून ठेव. कुणाच्या औषधांच्या वेळा सांभाळल्यास, कुणाचं भांडण मिटवलंस, तेही. ऑफिसच्या कामाची पानं पगारवाढ मागताना उपयोगी पडतात.

आणि हो, कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला पुरुषांनाही हाक मार.