भूकंप कमी, म्हणून धोका कमी?

प्रश्न : जपानमध्ये भूकंप नित्याचेच. उलट अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या कॅस्केडिया पट्ट्यात फारसे काही घडत नाही. दोन्हीकडे समुद्रतळाची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, दुसऱ्या प्लेटखाली घुसते. मग कॅस्केडिया सुरक्षित मानायचा का?

उत्तर : मुळीच नाही. तिथल्या शांततेचा अर्थ प्लेटा घट्ट अडकल्या आहेत, असाच बहुधा घ्यावा लागतो. तिथला शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० चा, तीव्रता ९ च्या आसपास. तारीख इतकी नेमकी कळली, कारण जपानच्या दप्तरांत तिथे भूकंप न जाणवता आलेल्या त्सुनामीची नोंद आहे, आणि किनारा खचून खाऱ्या पाण्यात मेलेल्या देवदारांची वाढवलयेही त्याच हिवाळ्याकडे बोट दाखवतात.

हिशेब करून पाहा. प्लेटा वर्षाला साधारण ३.५ सेंटीमीटर जवळ येतात. सुमारे ३२५ वर्षांत ११ मीटरची सरक, म्हणजे भूकंपात प्लेटा एकदम सरकतील ते अंतर, साठते. मात्र ही कमाल मर्यादा झाली. सीमेचा खोल भाग तापल्याने मऊ असतो आणि हळूहळू सरकून जातो. साठा होतो तो वरच्या, थंड भागात. तो भाग किती रुंद आहे, हे जमिनीवरच्या जीपीएसवरून काढतात. पण गर्तेजवळचा भाग, म्हणजे प्लेट जिथे खाली घुसू लागते त्या समुद्रतळावरच्या खोल चराजवळचा, किनाऱ्यापासून लांब असतो, तिथे हे मोजमाप कच्चे पडते. जपानच्या २०११ च्या तोहोकु भूकंपात गर्तेजवळ ५० मीटरच्या आसपास सरक झाली. समुद्रतळावर मापनकेंद्रे लागतात ती यासाठीच.

तीव्रता ठरते तुटलेले क्षेत्रफळ, सरासरी सरक आणि खडकाचा ताठपणा यांच्या गुणाकारावरून. तोहोकुसाठी ५०० गुणिले २०० किलोमीटर, १० मीटर आणि ४० अब्ज पास्कल घ्या, उत्तर ९.० येते. क्षेत्रफळ दुप्पट केले तरी तीव्रता वाढते फक्त ०.२ ने. म्हणून तीव्रतेच्या आकड्यातला लहानसा फरक हलक्यात घेऊ नये.

प्रश्न : खाली जाणारी प्लेट तरुण आणि वेगवान असेल तरच ९ चा भूकंप होतो, हे खरे का?

उत्तर : १९८० च्या सुमारास तसे मानत. चिलीचा १९६० चा ९.५ तीव्रतेचा भूकंप त्यात चपखल बसत होता. पुढे २००४ ला सुमात्रा-अंदमान आणि २०११ ला तोहोकु, दोन्ही ९ च्या वर-खाली. तोहोकुखालची प्लेट तर सुमारे १३ कोटी वर्षे जुनी. नियम तिथेच कोलमडला. पश्चिम पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेत इतका मोठा भूकंप नोंदलेला नाही, पण यंत्रांची नोंद जेमतेम शे-सव्वाशे वर्षांची आहे. तेवढ्यावरून एखाद्या पट्ट्याला अभय देणे घाईचे होईल.

प्रश्न : तीव्रता सारखी असेल तर नुकसानही सारखेच का?

उत्तर : नाही. १९८५ चा मेक्सिकोचा ८.० चा भूकंप पॅसिफिक किनाऱ्याला झाला, पण साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवरचे मेक्सिको सिटी कोसळले. जुन्या तळ्याच्या गाळाने सुमारे दोन सेकंदांच्या लाटा वाढवल्या आणि मध्यम उंचीच्या इमारती त्याच लयीत डोलल्या.

याच्या उलट जपानच्या सान्रिकु किनाऱ्याचा १८९६ चा भूकंप. हादरे सौम्य, म्हणून लोक गाफील राहिले. त्सुनामीने सुमारे २२,००० जीव घेतले. किनाऱ्यावर असाल आणि हादरा सौम्य असूनही मिनिटभराहून जास्त टिकला, तर भोंग्याची वाट न पाहता चालत उंचावर जा. पहिली लाट ओसरली तरी खाली उतरू नका. नंतरची मोठी असू शकते.