शहापूरची मुलगी खारघरच्या प्रयोगशाळेपर्यंत कशी पोहोचते?

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकात घेतली आहेत. तिन्ही पत्रे ठाणे-नवी मुंबई परिसरातील असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ठाण्यातील एका पदवी महाविद्यालयात रसायनशास्त्र विभागाची प्रमुख आहे. आमचे बरेचसे विद्यार्थी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून येतात. त्यांत आदिवासी मुले-मुली आहेत आणि घरातील पहिले पदवीधर ठरणारे तर अनेक आहेत. अशा विद्यार्थ्यांनी संशोधनाकडे वळावे म्हणून ३ वर्षांपूर्वी नवी मुंबईतील एका संस्थेशी आम्ही सामंजस्य करार केला. संस्थेचे शास्त्रज्ञ दर जानेवारीत व्याख्यानाला येतात, पण आजवर आमचा एकही विद्यार्थी तिकडे गेलेला नाही. आमचे कुठे चुकले?

उत्तर : आपण पत्रासोबत जोडलेली कराराची प्रत मी दोनदा वाचली. ‘परस्पर सहकार्य’ हे शब्द तिच्यात वारंवार येतात. मात्र कोणत्या महिन्यात, किती विद्यार्थी, कोणाच्या हाताखाली आणि कोणाच्या खर्चाने काम करतील, याविषयी एक ओळही नाही. असे करार नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या मूल्यांकनात मोजले जातात, म्हणून ते होतात, शाल-श्रीफळाचे छायाचित्र निघते आणि फाइल कपाटात जाते. आपला करार फसला असे मी म्हणणार नाही, कारण तो अजून सुरूच झालेला नाही.

जानेवारीतील व्याख्यानाचेच पाहा. गेट (मुख्यतः एम.टेक. आणि संशोधनाच्या प्रवेशासाठी) आणि जॅम (एम.एस्सी.सारख्या प्रवेशासाठी) या दोन्ही परीक्षा फेब्रुवारीत होतात आणि त्यांचे अर्ज आदल्या वर्षी दिवाळीच्या आसपास भरून झालेले असतात. ज्या वर्गापुढे पाहुणे संशोधनाचे महत्त्व सांगत होते, त्या वर्गासाठी त्या वर्षीचे हे दोन्ही दरवाजे आधीच बंद झाले होते. हेच व्याख्यान जुलैत आणि तेही दुसऱ्या वर्षाच्या वर्गात झाले असते, तर निदान दोन-चार विद्यार्थ्यांनी पुढची चौकशी केली असती.

यासंदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण मला नेहमी उपयोगी वाटते. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या शहरात दोन विद्यापीठे आहेत. फिस्क हे गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये सुरू झालेले लहान विद्यापीठ, तर व्हँडरबिल्ट हे संपन्न आणि संशोधनात अग्रेसर असलेले विद्यापीठ. या दोघांनी २००४ मध्ये एक योजना आखली. विद्यार्थी फिस्कमध्ये दोन वर्षांची मास्टर्स पदवी घेतो, त्याच काळात व्हँडरबिल्टच्या प्रयोगशाळेतही काम करतो आणि नंतर पीएच.डी.साठी अर्ज करतो. अर्ज येतो तेव्हा निवड करणाऱ्या प्राध्यापकांनी त्या विद्यार्थ्याला उपकरण उघडताना, चुकताना आणि चूक दुरुस्त करताना पाहिलेले असते. त्यामुळे जीआरईसारख्या, तिथल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेतील गुणांवर त्यांना फारसे विसंबावे लागत नाही. या योजनेत पैसाही आहे, पण माझ्या मते तिचे खरे बळ या आधीच्या ओळखीत आहे.

ही ओळख किती महत्त्वाची असते, हे मी एकदा जवळून पाहिले. काही वर्षांपूर्वी मुरबाडकडचा एक विद्यार्थी माझ्या शिफारशीवरून उन्हाळ्याच्या सुट्टीत एका प्रयोगशाळेत गेला. रोटरी इव्हॅपोरेटर, म्हणजे द्रावणातील द्रावक उडवून काढणारे यंत्र, त्याने केवळ पुस्तकातील चित्रात पाहिले होते. पहिल्या दिवशी फ्लास्क बसवताना त्याचे हात थरथरत होते आणि तिथल्या मार्गदर्शक बाईंनी त्याच्याविषयी मत बनवूनही टाकले असावे. आठवडाभरात तिथले स्वयंचलित टायट्रेशनचे (द्रावण थेंबाथेंबाने मिसळून दुसऱ्याची तीव्रता मोजण्याचे) यंत्र बंद पडले. त्याने कपाटातून काचेची ब्युरेट, म्हणजे हाताने टायट्रेशन करण्याची मापनळी काढली, धुतली, भरली आणि ०.१ मिलिलिटरच्या आत जुळणारी तीन रीडिंग्ज घेऊन दाखवली. आमच्या महाविद्यालयात तेवढेच साधन होते, म्हणून त्याचा हात त्यावर पक्का बसला होता. गुणपत्रिकेत हे कौशल्य कुठे नोंदवलेले नसते. बाईंनी त्याला आणखी दोन महिने ठेवून घेतले.

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र तितकासा चांगला नाही. त्याचे विद्यावेतन त्या संस्थेने ५ महिन्यांनी दिले. रोजचा प्रवास मुरबाडहून कल्याणपर्यंत एसटीने आणि तिथून पुढे लोकलने होता. पासाचे आणि जेवणाचे पैसे त्याने मावशीकडून उसने आणले होते. विद्यावेतन अखेर मिळाले, पण तोवर ही हकिकत गावभर झाली होती आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या भागातून कोणीही यायला तयार झाले नाही. संस्थेच्या हिशेब खात्याला ही साधी दिरंगाई वाटली असेल. माझ्या दृष्टीने तिथे संपूर्ण भागीदारीच बुडाली.

म्हणून नव्या कराराऐवजी जुन्या कराराला एका पानाची पुरवणी जोडावी, असे मी सुचवेन. आपल्या विभागातील एक शिक्षक आणि संस्थेतील एक शास्त्रज्ञ यांची नावे तिच्यात असू द्यावीत, कारण संस्थेचे संचालक बदलतात आणि त्यांच्याबरोबर उत्साहही जातो. दुसऱ्या वर्षातील ४ विद्यार्थी मे महिन्यापासून ६ आठवडे काम करतील, पहिल्या महिन्याचे विद्यावेतन रुजू होण्याच्या दिवशीच मिळेल आणि वसतिगृहाची अनामत रक्कम घेतली जाणार नाही, एवढे लिहून घेतले तरी पुष्कळ झाले. आसनगावहून ठाण्याला येऊन ट्रान्सहार्बर लोकलने खारघर गाठणाऱ्या मुलीला दहा वाजता कामाला लागायचे असेल, तर पहाटेच घर सोडावे लागते. संध्याकाळी सहानंतर थांबावे लागणारा प्रयोग तिला देताना तिच्या राहण्याची सोय आधी झालेली असावी. ती नसेल, तर दुसऱ्या आठवड्यात ती येईनाशी होते आणि ‘या मुलांमध्ये चिकाटी नसते’ असा शेरा लिहिला जातो.

शिक्षकानेही तिथे जाऊन काम करावे, हा मुद्दा सहसा राहून जातो. भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन राष्ट्रीय अकादम्यांबरोबर उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) देते, ती विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही मिळते. आपल्या विभागातील एखाद्या तरुण सहकाऱ्याने ती घेतली, तर पुढे शिफारसपत्र लिहिताना ‘मेहनती आणि प्रामाणिक’ यापलीकडचे काही सांगता येईल.

प्रश्न : मी शहापूर तालुक्यातील असून ठाण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. मला संशोधन करायचे आहे, पण घरचे म्हणतात की बी.एड. कर आणि शाळेत लाग. संशोधनात पैसे मिळतात का? आणि एखाद्या शास्त्रज्ञाला पत्र लिहायचे झाले, तर सुरुवात कशी करावी?

उत्तर : आधी पैशांचे बोलू, कारण घरी तोच प्रश्न विचारला जाणार आहे. साध्या एम.एस्सी.च्या दोन वर्षांत सहसा विद्यावेतन नसते, हे घरच्यांपासून लपवू नकोस. त्यानंतर सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर दरमहा ३७,००० रुपये मिळतात आणि पुढे ज्येष्ठ अधिछात्रवृत्तीत ते ४२,००० होतात. जानेवारी २०२३ पासून हे दर लागू आहेत. वसतिगृह मिळाले नाही, तर घरभाडे भत्ता वेगळा. दुसरा मार्ग एकात्मिक पीएच.डी.चा, म्हणजे एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकाच अभ्यासक्रमात करण्याचा आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था जॅमच्या गुणांवर बी.एस्सी.नंतर थेट प्रवेश देते आणि तिथे पहिल्या वर्षापासून विद्यावेतन असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही (टीआयएफआर) असा अभ्यासक्रम आहे. तिथली प्रवेश परीक्षा संस्था स्वतः घेते. जॅमचे शुल्क मुलींना निम्मे आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थाही आपापल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात, पण त्यांच्या जाहिरातींवर स्वतःच लक्ष ठेवावे लागते.

तुझ्यासाठी सर्वांत जवळचे ठिकाण मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ठाण्याहून वाशीला उतरून हार्बर लोकलने खाडी ओलांडली की पुढचेच स्टेशन. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तिथे ‘एनआययूएस’ (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा उपक्रम चालतो आणि निवड झालेल्यांना शिबिरांत संशोधकांबरोबर काम करायला मिळते. निवड सुरुवातीच्या वर्षांतच होते, म्हणून तृतीय वर्षाची वाट पाहू नकोस.

पत्राविषयी एवढेच सांगते की ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ हे वाक्य गाळ. महाविद्यालयातील स्पेक्ट्रोमीटरवर सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा वेगळ्या दिसत नव्हत्या आणि स्लिट अरुंद केल्यावर त्या दिसल्या, असे काही तुझ्या हातून घडले असेल, तर ते चार ओळींत लिही. इंग्रजी साधे असले तरी चालते. वर्गशिक्षकांकडून एकदा तपासून घे. उत्तर आले नाही, तर पंधरा दिवसांनी पुन्हा लिही, कारण त्या टपालपेटीत तुझ्यासारखी पुष्कळ पत्रे पडून असतात.

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आरक्षण असताना पुन्हा ‘विविधते’साठी संस्था-महाविद्यालयांचे वेगळे करार कशाला? यात गुणवत्ता मागे पडत नाही का?

उत्तर : या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आरक्षण जागेविषयी बोलते. त्या जागेसाठी अर्ज करणारा उमेदवार तयार झाला आहे का, हा प्रश्न ते सोडवत नाही, आणि म्हणूनच पीएच.डी.च्या अनेक राखीव जागा रिकाम्या राहिल्याचे आपण वाचतो. भागीदारीतून गेलेल्या विद्यार्थ्याला कोणतीही जागा राखून मिळत नाही. तो इतरांसारखीच परीक्षा आणि मुलाखत देतो. अमेरिकेत तर २०२३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रवेश देताना वंशाचा थेट विचार करण्यावर मोठे बंधन आले आहे. त्यामुळे तिथे अशा आधीच्या ओळखीच्या वाटांना अधिकच महत्त्व आले आहे. आपल्याकडे विविधतेत मेकॅनिकलच्या वर्गातील मोजक्या मुली येतात, दिव्यांग विद्यार्थी येतात आणि लहान महाविद्यालयांत शिकणारी सर्व जातींची मुलेही येतात. आपल्या मुलाचे महाविद्यालय त्यांपैकी असेल आणि त्याने एम.टेक.चा विचार केला असेल, तर यंदाचा गेटचा अर्ज ऑगस्टअखेरीस उघडताच त्याला भरायला सांगा. ते गुण ३ वर्षे ग्राह्य राहतात.