ग्रीन टी कडू का होतो, आणि तब्येतीला कोणता चहा चांगला

तुम्ही लिहिलं आहे की वजन उतरावं म्हणून रोज दोन्ही जेवणांनंतर लगेच ग्रीन टी घेता, तो इतका कडू होतो की औषधासारखा गिळावा लागतो, आणि रात्री झोपही नीट लागत नाही. शेवटी विचारलं आहे की सगळ्यात गुणकारी चहा कोणता. कडूपणापासून सुरुवात करू, कारण तो अगदी सहज जाण्यासारखा आहे.

उकळतं पाणी थेट पत्तीवर ओतलं की ग्रीन टी कडू होणारच. चहाच्या पानात थिअनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. चहाची मऊ, गोडसर, तोंडात रेंगाळणारी चव बरीचशी त्याची, आणि ते कमी तापलेल्या पाण्यातही छान उतरतं. तुरटपणा देणारी कॅटेचिन्स आणि कडवट कॅफिन यांचं तसं नाही, पाणी जितकं गरम तितकी ती जास्त सुटतात. म्हणून ग्रीन टीला ७० ते ८० अंशांचं पाणी आणि दोन मिनिटं पुरतात. ग्योकुरोसारखा सावलीत वाढवलेला जपानी चहा तर ५० ते ६० अंशांवरच खुलतो. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. आधण आलं की गॅस बंद करा आणि पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओता, दर वेळी साधारण दहा अंश उतरतात. २०० मिलिलिटर पाण्याला दोन ते तीन ग्रॅम पत्ती घ्या, झाकण ठेवा, आणि वेळ झाली की पत्ती बाहेर काढा. हे शेवटचं फार जण करत नाहीत. पिशवी कपातच राहिली तर शेवटचे घोट कडूच लागणार. पानं चांगली असतील तर त्याच पत्तीचा दुसरा कपही होतो, आणि मला तो बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा आवडतो.

आता प्रकार. पांढरा, हिरवा, उलाँग, काळा हे सगळे एकाच झाडाचे, कॅमेलिया सायनेन्सिसचे. फरक पडतो तो तोडणीनंतर. कापलेलं सफरचंद हवेत तपकिरी पडतं तशीच क्रिया चहाच्या पानातही होते, एन्झाइममुळे. ग्रीन टीमध्ये पानं लगेच वाफवून किंवा कढईत परतून ती थांबवतात, उलाँगमध्ये अर्ध्यावर रोखतात, काळ्या चहात पूर्ण होऊ देतात. पांढऱ्या चहाची कोवळी पानं-कळ्या फक्त सुकवतात. चीनच्या युनान प्रांतातला पु-अर यांहून वेगळा, त्यात सूक्ष्मजीव काम करतात आणि चवीला ओल्या मातीचा वास येतो. पांढऱ्याला ८० अंशांच्या आसपास पाणी, उलाँगला ८५ ते ९५, काळ्याला आणि पु-अरला सरळ उकळतं. काळा चहा तीन ते पाच मिनिटं मुरू द्या. चहा पारखणाऱ्यांचं आयएसओ ३१०३ हे प्रमाण १०० मिलिलिटरला दोन ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं असं आहे, पण ते नमुन्यांची तुलना करण्यासाठी आहे. प्यायला तो चहा फार कडक होतो.

गुणांचं म्हणाल तर हिरवा सर्वश्रेष्ठ आणि काळा निरुपयोगी, हे मला मान्य नाही. काळा होताना कॅटेचिन्स नाहीशी होत नाहीत, त्यांची थिआफ्लेविन्स आणि थिआरुबिजिन्स बनतात, आणि तीही पॉलिफेनॉल्सच, म्हणजे वनस्पतींतली गुणकारी मानली जाणारी द्रव्यंच, आहेत. वजनाच्या बाबतीत मात्र मन घट्ट करा. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली ग्रीन टीवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा वजनातली घट नगण्य निघाली. चहामुळे साखरेची पेयं सुटली तर तो फायदा खरा. आणि लवकर फळ मिळावं म्हणून ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांकडे वळू नका. पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) गेलं की रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढतात, असं युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवलं आहे. कपातल्या चहाची ती गोष्ट नाही.

तुमच्या दिनक्रमात मी आधी वेळा बदलेन. चहातली पॉलिफेनॉल्स डाळी-भाज्यांतलं लोह शोषू देत नाहीत, त्यामुळे जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा. हिमोग्लोबिन कमी असेल तर हे पाळाच. झोपेचं कारण बहुधा रात्रीचा कप. ग्रीन टीच्या कपात साधारण ३० मिलिग्रॅम कॅफिन असतं, काळ्याच्या कपात ४५ ते ५०, आणि काहींना तेवढंही संध्याकाळनंतर बाधतं. पहिलं पाणी अर्ध्या मिनिटात ओतून दिलं की कॅफिन निघून जातं, असं सांगतात, पण बरंचसं पानातच राहतं.

रात्री गरम काही हवंच असेल तर कॅफिन नसलेलं घ्या: कॅमोमाइल, पुदिना, गवती चहा, रूइबॉस (दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या पानांचा चहा). यांना उकळतं पाणी आणि पाच ते दहा मिनिटं, झाकण ठेवून, नाहीतर सुगंधी तेलं वाफेबरोबर उडतात. मळमळीवर आलं खरंच उपयोगी पडतं. जास्वंदाच्या लाल चहाने रक्तदाब थोडा उतरतो, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. ज्येष्ठमध रोज घेऊ नका, त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. रक्त पातळ करण्याचं वॉरफेरिन घेत असाल तर कॅमोमाइलही टाळा.

कोणताही चहा कपात ओतल्यावर थोडा निवू द्या. ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं आहे.

आणि आत्ता घरात असलेला तो ग्रीन टी टाकून देऊ नका. लिटरभर थंड पाण्यात दहा ग्रॅम पत्ती घालून फ्रिजमध्ये सहा ते आठ तास ठेवा, गाळा आणि दिवसभरात संपवा. कडूपणा जवळजवळ नसतो, कॅफिनही कमी उतरतं.