घरून काम करणं अशक्य झालंय. दोन-तीन महिन्यांसाठी पुण्यात स्वस्तात बसायला जागा कुठे मिळेल?

तुमची अडचण मला समजली ती अशी: कोथरूडला वन बीएचके, वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आई-बाबा गावाहून आलेत, ते तीन महिने राहणार, दिवसभर टीव्ही आणि बघायला येणारी माणसं. रोज दीड-दोन तास मीटिंग असतात. को-वर्किंगवाल्यांनी महिन्याचा आकडा सांगितला तो झेपणारा नाही.

मी यातून गेलेय. आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली तेव्हा आम्ही पाच माणसं दोन खोल्यांत येऊन पडलो. मी छोट्या दुकानदारांचे हिशोब आणि जीएसटीची रिटर्न्स करते. लॅपटॉप ठेवायला जागा कुठे, तर ओट्याला लागून असलेल्या फ्रिजवर. उभ्याने टॅलीवर हिशोब. एक दिवस फोडणीतली मोहरी उडाली ती थेट कीबोर्डात गेली, आणि त्याच दुपारी मी जागा शोधायला बाहेर पडले.

पहिली चूक मी केली ती तुम्ही करू नका. मी 'एक जागा' शोधत होते. सकाळी नऊ ते सहा, शांत, एसी, वायफाय, फोनवर बोलता येईल अशी. अशी जागा म्हणजेच को-वर्किंग, आणि तिचे पैसे तुम्हाला कळलेच आहेत. त्याऐवजी कामाचे दोन ढीग करा: तोंड बंद ठेवून होणारं काम आणि तोंड उघडून करावं लागणारं काम. पुण्यात गप्प बसायची जागा अतिशय स्वस्त आहे. महाग आहे ती बोलायची. दोन्ही एकाच छताखाली मागितलं की सगळ्या तासांना महागाचा दर लागतो.

गप्प बसायची जागा म्हणजे अभ्यासिका. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठेतला शास्त्री रस्ता, या भागात एमपीएससीच्या मुलांमुळे गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. आता कोथरूड-कर्वेनगरातही पाट्या दिसतात. प्लायवूडची आडोसा घातलेली टेबलं, प्रत्येकाला एक दिवा, एक प्लग, वर कप्पा. चपला बाहेर, फोन सायलेंट. मी नारायण पेठेतल्या एका अभ्यासिकेत महिन्याला १,२०० रुपये भरत होते, लॉकरचे १०० वेगळे. एसी नसलेली याहून स्वस्त मिळते, पण एप्रिल-मेमध्ये त्या काटकसरीचा पश्चात्ताप होतो.

पहिल्या दिवशी नोंदवहीत नाव लिहिताना अभ्यासिकेच्या काकांनी विचारलं, "कुठल्या परीक्षेची तयारी?" मी म्हटलं, "दर महिन्याच्या वीस तारखेची." त्यांना कळलं नाही. मग सांगितलं की वीस तारखेला जीएसटीचं ३बी नावाचं महिन्याचं रिटर्न भरायचं असतं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पास झालात तरी पुढच्या महिन्यात परत." तेव्हापासून आमचं जमलं. सांगायचा मुद्दा असा की नोकरी करणाऱ्या माणसाला बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत, फक्त आधी विचारा. महापालिकेच्याही अभ्यासिका आहेत, फी नाममात्र असते. पण त्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. गावाकडून आलेलं पोर तिथे जागेसाठी वाट बघत असताना आपण कमावत्या माणसाने खुर्ची अडवणं मला पटत नाही, म्हणून मी तिकडे गेले नाही.

पैसे भरण्याआधी तासभर बसून बघा. 'डेमो' म्हटलं की फुकट बसू देतात. बघायचं काय तर एक, खुर्ची. प्लास्टिकची असेल तर तिसऱ्या दिवशी कंबर बोलते. दोन, लॅपटॉप चालतो का. काही ठिकाणी टायपिंगच्या आवाजामुळे चालत नाही, काही ठिकाणी लॅपटॉपवाल्यांची रांग वेगळी असते. तीन, इन्व्हर्टर आहे का, आणि त्यावर नुसते दिवे चालतात की प्लगही. आपल्याकडे महावितरणची दुरुस्तीची कामं बहुतेक गुरुवारी असतात, त्यामुळे जमलं तर डेमो गुरुवारीच घ्या, सगळं उघडं पडतं. चार, स्वच्छतागृह. बायकांनी तर हे सगळ्यात आधी बघावं.

आणि तळघरातली अभ्यासिका कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरात एका कोचिंगच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. आपल्याकडेही पार्किंगच्या जागेत टेबलं मांडलेली मी बघितली आहेत. बाहेर पडायचा जिना एकच आहे का, खिडक्यांना उघडता न येणारे गज आहेत का, हे वर-खाली बघून घ्यायला दोन मिनिटं पुरतात.

टायपिंगचं म्हणाल तर माझी सवय वाईट. हिशोबवाल्यांना एंटर आपटायची खोड असते. आठव्या दिवशी जेवून परत आले तर टेबलावर वहीचा फाडलेला चतकोर होता, त्यावर सुवाच्य अक्षरात, 'ताई, एंटर जरा हळू मारा. रविवारी पूर्व परीक्षा आहे.' खाली नाव नाही. मला इतकी लाज वाटली की संध्याकाळी तुळशीबागेच्या बाजूला जाऊन कीबोर्डवर घालायचं सिलिकॉनचं कव्हर आणि आवाज न करणारा माउस घेऊन आले. दोन्ही मिळून पाचशेच्या आत. तुम्ही पहिल्या दिवशीच घ्या.

एक गंमत म्हणजे अभ्यासिकेच्या जागांनाही हंगाम असतो. परीक्षा जवळ आली की जागा नाही, झाली की निम्मी टेबलं रिकामी. गणपती आणि दिवाळीला मुलं गावी जातात. तेव्हा पंधरा दिवसांसाठी सुद्धा जागा देतात, नाहीतर महिन्याखाली कोणी ऐकत नाही. तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले तर सवलत मिळते, पण मी असे एका ठिकाणी भरले आणि पाचव्या आठवड्यात जागामालकाशी भांडण होऊन ती अभ्यासिकाच बंद झाली. राहिलेले पैसे 'देतो देतो' करत आजतागायत आलेले नाहीत. महिन्याचे महिन्याला भरा, आणि पावती किंवा निदान यूपीआयची नोंद ठेवा.

आता बोलायची जागा. इथे मला जे सापडलं त्याचं मला स्वतःचंच कौतुक आहे.

पुण्यात दुपारी एक ते चार सगळं बंद असतं, हा विनोद आपण आयुष्यभर ऐकतोय. पण बंद असतं म्हणजे काय, तर तेवढा वेळ जागा रिकामी असते. दहावी-बारावीचे क्लास सकाळी भरतात आणि मग संध्याकाळी. मधले चार-पाच तास बाकं, पंखे, फळा, कुलूप. डॉक्टरांचे दवाखाने दुपारी बंद. गाण्याचे क्लास, चित्रकलेचे क्लास, तेच. माझ्या भाचीच्या गणिताच्या सरांना मी सहज विचारलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "या की. वीजबिलाला हातभार लागेल." दुपारी बारा ते चार, सोमवार ते शुक्रवार, महिन्याला २,००० रुपये, किल्ली माझ्याकडे. तिथे मी क्लायंटशी हवं तेवढं मोठ्याने बोलायचे. मागच्या फळ्यावर वर्गसमीकरणं असायची, ती व्हिडिओ कॉलवर दिसायची. एका क्लायंटने पाच-सहा महिन्यांनी विचारलं, मॅडम, तुम्ही शिकवता पण का?

अशी जागा कुठल्याच अॅपवर सापडत नाही. ओळखीत विचारावं लागतं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'दुपारी १२ ते ४ शांत खोली हवी, एकटी व्यक्ती, लॅपटॉपवर काम, महिना अमुक देईन' एवढं लिहा. रक्कम लिहाच. नुसतं 'कुणाकडे जागा आहे का' म्हटलं की लोक हात जोडलेला इमोजी पाठवतात. आणि ग्रुपवर टाकायच्या आधी सेक्रेटरींना भेटा. तुमच्याच सोसायटीचं ऑफिस किंवा क्लबहाउस दिवसा रिकामं असेल, कमिटीच्या बैठकीखेरीज ते उघडत नाही.

एक सांभाळा. ही व्यवस्था एका माणसाच्या चार तासांच्या बसण्यापुरती ठेवा. खोली पूर्णपणे भाड्याने घ्यायची झाली तर लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ तेच सांगतं. तीन महिन्यांसाठी तो खर्च आणि डिपॉझिट घालून काही उरत नाही. शिवाय सरांच्या क्लासचा पत्ता कुठल्याही सरकारी अर्जावर आपला व्यवसायाचा पत्ता म्हणून देऊ नका. त्यांना त्रास व्हायचा.

को-वर्किंग मी पूर्ण सोडलं नाही. महिन्याचं टेबल ६,५०० सांगत होते, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७,६७०. पण दिवसाचा पास ४०० चा, करासकट ४७२. महिन्यात मला खरी गरज चार दिवसांची. अकरा तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, वीसला ३बी, त्याच्या आदले दिवस. त्या दिवशी नेट गेलं तर सगळंच गेलं, म्हणून तेव्हा जिथे दोन कंपन्यांची लाइन आणि जनरेटर आहे तिथे बसायचं. चार पास १,८८८. अभ्यासिका लॉकरसकट १,३००, क्लास २,०००. एकूण ५,१८८. तुम्ही म्हणाल फार फरक पडला नाही. खरंय, पण तुम्हाला या तिन्हींची गरज नाही. तुमच्या मीटिंग रोजच्या आहेत पण दीड-दोन तासांच्याच. त्या दुपारच्या असतील तर एखादा दवाखाना किंवा क्लास गाठा आणि बाकी वेळ अभ्यासिका. तीन-साडेतीन हजारांत बसावं. मीटिंगच्या वेळा बदलून घेता आल्या तर वरिष्ठांशी आधी तेवढं बोला. जागेपेक्षा वेळ हलवणं सोपं असतं. को-वर्किंगमध्ये 'दहा दिवसांचा पास, महिनाभरात कधीही' असंही मिळतं, पण ते स्वतःहून सांगत नाहीत, मागावं लागतं.

कॅफेत जाऊन बसा, हा सल्ला अशा वेळी सगळेच देतात. मला तो परवडला नाही. दोन कॉफ्या आणि एक सँडविच धरलं तर साडेचारशे-पाचशे कुठेच गेले नाहीत, महिन्याचे बावीस दिवस धरा, को-वर्किंग परवडलं. वैशाली-रूपालीसारख्या गर्दीच्या हॉटेलांत लॅपटॉप उघडायचा तर विचारही करू नका, खुर्चीमागे माणूस उभा असतो. शिवाय माझ्या स्क्रीनवर लोकांची उलाढाल असते, ती शेजारच्या टेबलाला दाखवायची नसते. कॅफेत बसायचंच झालं तर पाठ भिंतीला आणि नेट स्वतःच्या फोनचं, तिथल्या फुकट वायफायवर बँकेचं काहीही उघडू नका.

वाचनालयं आपल्याकडे भरपूर, लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ पासूनचं. मी तिथली सभासद आहे, पण पुस्तकांसाठी. पेपर वाचायला आलेल्या आजोबांच्या मधे बसून दिवसभर चार्जिंगचा प्लग अडवणं मला जमलं नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागेल का. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला आरामात भागतं. व्हिडिओ कॉल मात्र तासाला साधारण एक जीबी खातो, म्हणजे रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये तुमची मीटिंग संपेपर्यंत पॅक संपलेला असेल. सगळ्यांचेच कॅमेरे बंद असले आणि नुसता आवाज असला तर तासाला शंभर एमबीच्या आत काम होतं. अभ्यासिकेत नेटवर्क येतं का ते डेमोच्या दिवशी आपल्याच टेबलावर बसून बघा, दारात नाही. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत फोनची एक काडीही राहत नाही.

आणि दोन-तीन मीटरचं एक्स्टेंशन बोर्ड पिशवीत ठेवा. क्लासच्या खोलीत प्लग नेहमी फळ्याजवळ असतो आणि बाकं भिंतीच्या त्या टोकाला.