हॉबची ठिणगी जाते कुठे?

प्रश्न : आमच्या तीन बर्नरच्या हॉबचा (ओट्यात बसवलेल्या गॅस-शेगडीचा) डावा बर्नर पाऊस सुरू झाल्यापासून आपोआप पेटत नाही. टकटक आवाज येतो, लायटर लावला की लगेच पेटतो. मेकॅनिक म्हणतो, इग्निशनचं पूर्ण किट बदलावं लागेल. बदलू का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : इतक्यात नको. लायटरने पेटतो म्हणजे गॅस नीट येतोय. टकटक होते म्हणजे सेल आणि ठिणगी तयार करणारी डबी दोन्ही शाबूत आहेत. अडचण डबीपासून बर्नरपर्यंतच्या वाटेत आहे आणि ती पैसे न खर्चता शोधता येते.

गॅसचा मुख्य कॉक बंद करा, खिडकी उघडून पाच मिनिटं थांबा. मग स्वयंपाकघरातला दिवा मालवून डावा नॉब दाबा आणि बर्नरशेजारच्या पांढऱ्या चिनीमातीच्या कांडीकडे बघा. हा इलेक्ट्रोड, मेकॅनिक त्याला पिन म्हणतात. ठिणगी कांडीच्या टोकावरून बर्नरवर उडायला हवी. ती कांडीच्या मध्यावरून किंवा बुडाशी, खालच्या पत्र्यावर उडताना दिसली, तर चोर सापडला. उतू गेलेलं दूध कांडीवर करपलं की त्याचा काळा थर वीज वाहून नेतो. त्यात मुंबईची दमट, खारी हवा! विजेला जवळची वाट मिळाली, की ती टोकापर्यंत जाण्याचे कष्ट घेत नाही.

बर्नर गार झाल्यावर झाकण आणि मुखडा (ज्योतीची भोकं असलेला भाग) काढून ठेवा. कांडी आधी किंचित ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसा. धातूचं टोक बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. कांडीवर पेपर चालवू नका, चकाकी गेली की तिथे डाग आणखी घट्ट बसतो. मुखड्याची भोकं सेफ्टी पिनने मोकळी करा. टूथपिक नको, ती आतच मोडते. सगळं पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात यालाच वेळ लागतो, घाई असेल तर हेअर ड्रायर मंद ठेवून फिरवा. मुखडा खाचेत नेमका बसवा. तो जरा तिरपा राहिला तरी ठिणगीचं अंतर बिघडतं. टोक आणि बर्नर यांच्यात साधारण ३ ते ५ मिलिमीटर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढी फट हवी.

कांडीला केसाएवढी चीर दिसली, तर मात्र ती बदलाच. एम-सील लावून चालवणारे बरेच असतात, पण बर्नरच्या आचेला तो लेप टिकत नाही. जुनी कांडी सोबत नेऊन त्याच लांबीची घ्या.

कुठेच ठिणगी दिसली नाही, तर मधला नॉब दाबून बघा. बहुतेक हॉबमध्ये कोणताही नॉब दाबला तरी सगळ्या बर्नरवर ठिणगी पडते. डाव्या नॉबने टकटकच होत नसेल आणि मधल्या नॉबने डाव्या बर्नरवर ठिणगी आली, तर दोष डाव्या नॉबखालच्या स्विचमध्ये. तरीही आली नाही, तर त्या कांडीची वायर निसटली किंवा तुटली असेल. चाळीत आणि जुन्या इमारतींत उंदरांनी कुरतडलेली वायर ही काही नवलाची गोष्ट नाही. हॉबची वरची काच उघडायचं काम मेकॅनिकला द्या, पण ‘किट नको, एवढी वायर बघा’ असं सांगून.

प्रश्न : ओटा धुतल्यापासून नॉब सोडला तरी टकटक थांबतच नाही.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नॉबखालच्या स्विचमध्ये पाणी शिरलंय. ओट्याखालच्या कपाटात हात घालून हॉबच्या बुडाचा सेल काढा. हॉबची ठिणगी घरच्या विजेवर चालत असेल तर प्लग काढा. नॉब सरळ वर ओढून काढा आणि रात्रभर वाळू द्या. तेलाचा स्प्रे मारू नका. त्यावर कणकेचं पीठ बसतं आणि स्विच पुन्हा अडकतो. सेल काढलाच आहे, तर त्याच्या पट्ट्याही बघा. हिरवट-पांढरा गंज चढला असेल तर खरवडून काढा आणि नवा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घाला. सगळ्याच बर्नरची टकटक रेंगाळत, थकल्यासारखी होत असेल, तर तो सेल संपत आल्याचा आवाज समजा.

प्रश्न : बर्नर पेटतो, पण नॉब सोडला की विझतो. हाही इग्निशनचाच दोष का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. ज्योत विझली की गॅस बंद करणारी सुरक्षा-सोय तुमच्या हॉबमध्ये आहे. बर्नरला टेकलेली दुसरी, धातूची कांडी तापली तरच ती गॅस चालू ठेवते. म्हणून पेटल्यावर नॉब ५ ते १० सेकंद दाबून धरा. तरीही विझला तर त्या कांडीचं टोक पुसा, ते ज्योतीत येतंय ना ते बघा. एवढं करूनही विझत असेल तर कांडी बदलावी लागेल. कंटाळून ही सोय काढून टाकायला कुणी सुचवलं, तर त्याला हॉबला हात लावू देऊ नका.