भाडेकरू गेला, थकबाकी राहिली. आता वकिलावर २५,००० घालावेत का?

लातूरहून एका निवृत्त जिल्हा परिषद शिक्षिकेचं पत्र आलंय. वरचा मजला त्यांनी जून २०२३ मध्ये ९,५०० रुपये भाड्याने एका मेसवाल्याला दिला. अनामत २०,००० आणि शंभरच्या बाँडवर नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार. पुढची मुदतवाढ तोंडी. नोव्हेंबर २०२४ पासून भाडं थांबलं आणि ३१ मे २०२५ च्या रात्री तो सामान भरून नांदेडला गेला. जाताना १० जुलै तारखेचा २५,००० चा चेक देऊन, "मावशी, दिवाळीनंतर टाका, पोरं आली की पैसे येतात," असं सांगून गेला. बाईंनी ते ऐकलं. आता वकील केसचे २५,००० मागतात. पुण्याचा मुलगा म्हणतो सोडून दे, मेहुणे म्हणतात धडा शिकवा. बाई विचारतात, ६०,००० ची मुदत ठेव मोडून केस टाकू का?

नमस्कार बाई,

पत्रासोबत वहीच्या पानाचा फोटो आहे, आधी त्यावरच बोलू. लाल शाईत बेरीज केलीय आणि खाली दोन रेघा मारून ९१,३०० लिहिलंय. सात महिन्यांचं भाडं ६६,५००, लाइटबिल ६,८००, टँकरचा अर्धा वाटा ४,०००, रंगकाम १४,०००. बेरीज बरोबर आहे, पण मांडणीला मी पूर्ण मार्क देणार नाही.

रंग आधी खोडा. दोन वर्षं माणसं राहिली की भिंती मळतात, ती झीज मालकाची. मेसच्या फोडणीने स्वयंपाकघराची भिंत काळी पडली हे खरं, पण मेस चालवणार हे माहीत असूनच तुम्ही जागा दिली होती. टँकरचं म्हणाल तर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या गावाला पाण्याचा हिशोब मी काय शिकवणार? तरी अर्धा वाटा ठरल्याचा कागद किंवा मेसेज नसेल, तर हे ४,००० बोलणी करताना सोडून द्यायला ठेवा, दाव्यात घालू नका. लाइटबिल मात्र पक्कं आहे. करारात "वीजबिल भाडेकरूकडे" लिहिलंय आणि महावितरणच्या पावत्या तुमच्याकडे आहेत.

राहिले ७३,३००. त्यातून २०,००० अनामत वजा करायची. ती रंगात गेली असं तुम्ही लिहिता, पण रंग तुमचा म्हटल्यावर ती थकबाकीतच वळती होणार. म्हणजे खरं येणं ५३,३००. रात्री झोप उडवणारा आकडा ९१,३०० आणि मागता येईल असा आकडा ५३,३००. निर्णय दुसऱ्या आकड्यावर घ्यायचा.

आता ठेवीचं गणित. २५,००० ठेवीतच राहिले तर साधारण सात टक्क्यांनी तीन वर्षांत ३०,६०० च्या आसपास होतात. तेच वकिलाला दिले, केस तीन वर्षं चालली आणि शेवटी पूर्ण ५३,३०० हातात आले, तरच हा व्यवहार परवडतो. निकालात थोडं व्याज आणि खर्च मिळेलही, पण वकिलाची सगळी फी भरून निघेल या भरवशावर राहू नका. वसुली होण्याची खात्री शंभरात साठ तरी असल्याशिवाय ठेव मोडण्यात अर्थ नाही. तुमच्या प्रकरणात मला ती तेवढी दिसत नाही.

कारण असं की केस जिंकणं वेगळं आणि पैसे निघणं वेगळं. आमच्या सिडकोतल्या घरामागच्या दोन खोल्या वडिलांनी भाड्याने दिल्या होत्या. भाडेकरू रात्रीतून टेम्पो लावून गेला, वडील कोर्टात गेले, निकाल आमच्या बाजूने लागला. पण तोवर तो माणूस कुठे राहतो हेच कुणाला सांगता येईना. निकालाची प्रत लोखंडी पेटीत पडून राहिली. अशा हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायला बारा वर्षं मिळतात. ती पेटीतच उलटली.

तुमच्या माणसाचा पत्ता माहीत आहे, ही जमेची बाजू. पण जप्त करण्यासारखं त्याच्याकडे आहे काय? नोकरी असती तर पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीच्यावर जप्ती आणता आली असती. मेसवाल्याला पगार नसतो. घरातली स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं यांना कायदाच हात लावू देत नाही. त्याची बायको नांदेडला नोकरीला आहे, तिच्या पगारातून कापून घेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही. करारावर सही एकट्या त्याची आहे, बायको तुमचं देणं लागत नाही. तिच्या ऑफिसात फोन करण्याचा विचार असेल तर तोही सोडा. कॉलनीच्या ग्रुपवर फोटो टाकायचा मेहुण्यांचा सल्लाही ऐकू नका. बदनामीची तक्रार तुमच्यावर उलटेल.

चेकचं मला सगळ्यात वाईट वाटलं. चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने, म्हणजे १० ऑक्टोबर २०२५ ला तो संपला. दिवाळी आली ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेनंतर. "दिवाळीनंतर टाका" हे तो भोळेपणाने बोलला की हिशोबाने, देव जाणे. मुदतीत टाकला असता आणि न वटता परत आला असता, तर बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, त्याला पंधरा दिवसांची मुदत आणि त्यानंतर महिनाभरात फौजदारी तक्रार, असा रस्ता होता. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड दिसला की पुष्कळांचे पैसे आपोआप निघतात. तो रस्ता बंद झाला. चेक मात्र फाडू नका. त्याच्या सहीचा, तुमच्या नावाचा तो कागद देणं असल्याचा पुरावा म्हणून अजून उपयोगाचा आहे.

कराराची बाजू लंगडी आहे हेही सांगतो. "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा होता. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. शिवाय अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. उद्या तो म्हणाला की भाडं ६,००० ठरलं होतं, तर ते खोडायचं काम तुमचं.

आणि ते तुम्हाला जमेल. जून २०२३ ते ऑक्टोबर २०२४ दर महिन्याला त्याने फोनपेवरून ९,५०० पाठवलेत. सतरा नोंदी तुमच्या पासबुकात आहेत. त्या नोंदींपुढे ६,००० ची गोष्ट टिकायची नाही. त्यात "मावशी, पोरं गेली की सात महिन्यांचं एकदम देतो" हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. मुलगा संक्रांतीला नवा फोन देतोय म्हणालात. घ्या, पण जुना एक्स्चेंजमध्ये घालू नका. मूळ मेसेज ज्या फोनवर आहेत तो कपाटात ठेवा. प्रिंट काढून प्रमाणपत्र जोडायची वेळ आली तर तोच लागेल.

घाई आहे का? आज नाही, पण घड्याळ चालू आहे. थकलेल्या भाड्याला तीन वर्षांची मुदत आणि ती प्रत्येक महिन्याची वेगळी मोजतात. नोव्हेंबर २०२४ चं भाडं नोव्हेंबर २०२७ मध्ये मुदतबाह्य होईल, मग डिसेंबरचं, असे महिन्याला ९,५०० गळत जातील. मुदतीच्या आत त्याने "इतके देणे आहे" असं लेखी सहीनिशी कबूल केलं, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात. म्हणून माझ्या मते आज त्याच्या सहीची किंमत त्याच्या पैशांपेक्षा जास्त आहे.

मी तुमच्या जागी असतो तर ठेवीला हात न लावता आधी नोटीस पाठवली असती. वकिलाने नुसत्या नोटिशीचे २,००० सांगितलेत, तेवढे द्या. ५३,३०० चा महिनावार तपशील, चेकचा उल्लेख, पंधरा दिवसांची मुदत आणि त्यानंतर व्याज मागू हे वाक्य, एवढं पुरे. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नांदेडच्या आणि करारावरच्या मूळ गावच्या, दोन्ही पत्त्यांवर जाऊ द्या. गावात पोस्टमनच्या हातची वकिलाची नोटीस थोरल्या भावाने वाचली की पुष्कळदा पुढचं काम सोपं होतं.

मग जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे जा. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही म्हणून मुद्दाम सांगतो: महिलेला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तुमची पेन्शन आड येत नाही. अर्ज करायचा, प्रकरणात तथ्य आहे एवढं त्यांना पटलं की झालं. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. म्हणजे २५,००० च्या प्रश्नाचं उत्तर त्या ऑफिसात आहे, ठेवीच्या पावतीत नाही.

तिथेच दावा दाखल करण्यापूर्वीचं प्रकरण म्हणून लोकअदालतीत अर्ज द्या. फी नाही. राष्ट्रीय लोकअदालत साधारण तीन-तीन महिन्यांनी भरते. त्याला नोटीस जाईल. यायची सक्ती नाही, हा तिचा कमकुवतपणा. पण आला आणि तडजोड झाली, तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही.

तडजोडीत किती सोडायचं? एकरकमी देत असेल तर ३५,००० ला हो म्हणा. मेहुण्यांना पटणार नाही, पण आज हातात आलेले ३५,००० मला २०२९ मधल्या "कदाचित ५३,३००" पेक्षा जड वाटतात. हप्ते मागत असेल तर ४५,००० च्या खाली उतरू नका. हप्त्यांच्या तारखा मात्र मेसच्या धंद्याप्रमाणे पाडा. लातूर काय आणि नांदेड काय, मे महिन्यात 'नीट'ची परीक्षा झाली की पोरं गावाकडे जातात आणि मेस ओस पडते. तेव्हाचा हप्ता हमखास चुकणार. जून-जुलैत नवी पोरं आगाऊ पैसे भरतात, मोठा हप्ता तिथे ठेवा. प्रत्येक हप्त्याचा तारखेचा चेक घ्या आणि या वेळी ज्या तारखेचा चेक, त्या तारखेला बँकेत.

माळ्यावर त्याचं इडलीचं ग्राइंडर आणि दोन शेगड्या पडून आहेत, भंगारात घालू का, असंही तुम्ही विचारलंय. घालू नका. वस्तू त्याच्या आहेत. त्या विकायचा किंवा अडवून ठेवायचा हक्क तुम्हाला नाही. फोटो काढा, यादी करा, "घेऊन जावे" असं नोटिशीतच लिहा. ग्राइंडर नवं घ्यायला किती लागतात हे मेसवाल्याला बरोबर माहीत असतं, त्यामुळे तो ते न्यायला येईल. आला की चहा द्या आणि थकबाकीच्या कबुलीचा कागद पुढे करा. आपखुशीने ते तुमच्याकडेच ठेवून किंमत वळती करायला तयार झाला, तर तेही लिहून घ्या.

हे सगळं करून तो दाद देत नसेल, तर सप्टेंबर २०२७ च्या आत मोफत वकिलामार्फत दावा टाका. जागा लातूरची असल्याने दावा लातूरच्याच दिवाणी कोर्टात चालेल, नांदेडच्या एसटीला लटकायची गरज नाही. निकालानंतर वसुलीसाठी हुकूमनामा नांदेडला पाठवून घ्यावा लागेल. तोपर्यंतचा तुमचा स्वतःचा खर्च, नोटीस-झेरॉक्स धरून, ५,००० च्या वर गेला तर थांबा आणि मला लिहा.

इन्कम टॅक्समध्ये बुडीत भाडं दाखवून काही सुटेल का? न मिळालेलं भाडं उत्पन्नातून वगळता येतं, पण भाडेकरू निघून गेलेला हवा, तुमच्याच दुसऱ्या जागेत राहत नसावा आणि वसुलीसाठी कायदेशीर पावलं उचललेली असावीत किंवा ती व्यर्थ ठरली असती हे पटवून देता यावं. नोटिशीची प्रत इथेही लागेल. मात्र तुमची पेन्शन आणि भाडं मिळून वर्षाला पाच लाखांच्या आत आहे. नव्या पद्धतीत तुम्हाला टॅक्स लागतच नाही, तेव्हा यातून रुपयाही सुटणार नाही. पुढे थकबाकी मिळाली तर ज्या वर्षी मिळेल त्या वर्षी, तीस टक्के वजावट करून, उत्पन्नात दाखवायची.

वरचा मजला सध्या रिकामा आहे आणि एक कुटुंब बघून गेलंय, असं शेवटी लिहिलंत. त्यांच्याशी करार ऑनलाइन नोंदवा. अकरा महिने, ९,५०० भाडं आणि तीन महिन्यांची अनामत धरली तर मुद्रांक शुल्क पावणेतीनशेच्या आसपास, महापालिका हद्द म्हणून नोंदणी फी १,०००, वर एजंटचे काय ते. त्यांची माहिती पोलीस ठाण्यातही द्या. अनामत २८,५०० पेक्षा कमी घेऊ नका आणि एक भाडं चुकलं की त्याच महिन्यात लेखी विचारा. सात महिने वाट पाहणं ही तुमच्या शिक्षकी पेशातली सवय असेल. वर्गात ती चांगली आहे.

नोटिशीचा मसुदा तयार झाला की पाठवा, आकडे तपासून देतो. रंगाचे १४,००० त्यात दिसले तर लाल शाई माझ्याकडेही आहे.